अर्थिंगची पट्टी

फरीदाबादला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणारी विनया समर्थ तीन वर्षं एका माणसाची वाट पाहत होती. विक्रांत कर्णिक, तिचा जुना साहेब.

तेव्हा ती त्याच्या हाताखाली सर्व्हिस सेंटरला होती. एका जुन्या गाडीचं स्टीअरिंग मध्येच जड व्हायचं. 'अर्थिंगची पट्टी गंजली आहे,' असं विनयानं जॉब कार्डावर लिहिलं; म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याशी जोडणारी पट्टी. विक्रांतनं ते कार्ड फाडलं आणि अख्खा स्टीअरिंग कॉलम बदलायला लावला. आठवड्यात भर चौकात स्टीअरिंग पुन्हा दगड झालं, गाडी दुभाजकावर चढली. साहेबांनी वर्कशॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'विनयाने वायरिंगमध्ये घोळ घातला.' नोकरी गेली ती गेलीच, पण नाव गेलं याची आग विझेना. ग्रुपमधून तिला काढायला मात्र सगळे विसरले. तीही मुकाट तिथेच बसून राहिली.

परवा तो आला, वडिलांची बारा वर्षांची गाडी घेऊन. स्टीअरिंगचा पिवळा दिवा लागलेला.

"विनयाजी, प्लीज बघा ना. याचा कॉलम अब मिलता ही नहीं."

कॉलमच हवा म्हणे! आणि 'ए विनया'ची आज विनयाजी झाली! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं मीटर त्याच्याच हातात दिला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं गाडीच्या उघड्या पत्र्याला.

"मी गाडी चालू करून स्टीअरिंग फिरवते. तुम्ही व्होल्टचा आकडा वाचा, सर."

"पॉइंट एक... दोन पॉइंट चार."

"किती हवा?"

"शून्याच्या जवळ."

"मग बिघाड कुठे आहे?"

"अर्थिंग," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"अर्थिंगची पट्टी!"

तिनं गंजलेली पट्टी काढली, पत्रा घासून लख्ख केला, नवी पट्टी आवळली. स्टीअरिंग एका बोटानं फिरू लागलं. किल्ली मात्र तिनं मुठीतच ठेवली.

"दोन कार्डं भरा. एक आजचं, एक तुम्ही फाडलंत ते." त्या जुन्या गाडीचा नंबर तिला तोंडपाठ होता. "खाली लिहा, विनयाचं निदान बरोबर होतं. घोळ माझा. आणि सही."

घाम पुसत त्यानं लिहिलं. किल्ली घेताना हळूच म्हणाला, "यार, हे आपल्यातच राहू दे."

"बिल्कुल," विनया म्हणाली. तिनं दुसऱ्या कार्डाचा फोटो काढला, वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकला.

विक्रांतच्या खिशातला फोन वाजला.