साहेबाच्या दौऱ्याचा मेंढा

उभी हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. कचेरी परभणी जिल्ह्यातलीच, कोणती ते विचारू नका. सांगतोय ते माझं पाप आहे, त्यात भिंतींना कशाला ओढायचं? निवृत्त झालेले लोक आठवणी लिहितात त्या सगळ्या गोड असतात. ही गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे साहेबाचा दौरा म्हणजे लगीनघाई. प्रांतसाहेब येणार असं कळलं की विश्रामगृहाच्या पलंगावर नवी चादर, न्हाणीत नवा साबण, रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना. ते विश्रामगृह निजामाच्या काळातलं, गोऱ्या पाहुण्यांच्या मुक्कामासाठी बांधलेलं. म्हातारी माणसं अजून त्याला डाक बंगलाच म्हणतात. साहेबांच्या जेवणाचं काय करायचं हे वरून कुणी लिहून कळवत नाही. ते आपण 'बघायचं' असतं. बघायचं म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात मारायचं, दुसरं काय!

अशाच एका दौऱ्याच्या आधीच्या आठवड्यापासून एक धनगर बाबा रोज माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहायचा. वय माझ्या बापाएवढं. त्याच्या पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता. दौऱ्याच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत जातीचा दाखला दिला नाही तर तिची जागा दुसरीला जाणार होती. दाखल्यावर सही प्रांतसाहेबांची, तीही आता संगणकावरची. त्याची फाईल पूर्ण होती. आजोबाच्या वेळचे उर्दू कागदसुद्धा त्यानं कुठून कुठून जमवून, मराठी करून आणले होते. माझ्या टेबलावरून साहेबांकडे पाठवायला मला फक्त एक बटण दाबायचं होतं.

मी दाबलं नाही. का, म्हणाल तर तो समोर उभा असलेला मला आवडायचा. आता हे लिहिताना माझीच मला किळस येते, पण खरं तेच आहे. चपला तो दाराबाहेर काढायचा. तशी पाटी कुठं नाही, नियम नाही, तरी काढायचा. उन्हानं तापलेल्या फरशीवर पाय बदलत उभा राहायचा, आणि मी उगाच कागद चाळायचो.

"सायेब, पुढल्या शनवारी शेवटचा दिस हाय," तो म्हणायचा.

"माहीत आहे मला. आंधळा नाही मी."

"तुमाला तकलीफ द्यायलोय, पर पोरगी लय हुशार हाय."

"सगळ्यांच्याच पोरी हुशार असतात. तू जा, उद्या ये."

बापाच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो.

दौऱ्याच्या आठवड्यात, सोमवारी आमचा शिपाई माझ्या कानाशी लागला. म्हणाला, "भाऊसाहेब, ह्याच्याकडं मेंढरं हायेत की!" माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बाबाला जवळ बोलावलं, पहिल्यांदाच खुर्ची दाखवली. तो काही बसला नाही. मी म्हणालो, "गुरुवारी साहेबांचा दौरा आहे. जेवणाचं बघायचंय. साहेब खूश झाले तर तुझी सही तिथल्या तिथं."

"कोकरू आनतो, सायेब," तो लगेच म्हणाला.

कोकरात कुणाचं भागणार? साहेब, त्यांचं कुटुंब, ड्रायव्हर, आम्ही सगळे. बुधवारी शिपाई त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर गेला आणि त्यानं थेट कळपाचा पैदाशीचा मेंढाच धरला, थोराड, वळलेल्या शिंगांचा. मग तिथून मला फोन. मागे बाबाचा आवाज ऐकू येत होता, "त्यो न्हाई ओ, त्येच्यावरच समद्या मेंढ्या हायेत, दुसरं कंचंबी घ्या." शिपायानं विचारलं, काय करू? मी म्हणालो, "त्याला विचार, साहेब मोठे का मेंढा?" शिपाई फोनवरच खो-खो हसला, मीही हसलो.

आता माझ्या आज्याचं सांगतो, म्हणजे हा मी कोण ते कळेल. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. त्याआधी गावातली वेठ आमच्याच माथी. शिकारीला एक गोरा साहेब यायचा, निजामाचा पाहुणा. त्याला अंघोळीला पत्र्याचा टब लागायचा, आणि तो टब माझ्या आज्यानं डोक्यावर घेऊन कोसच्या कोस चालायचं. एकदा ठेच लागून टब खाली पडला आणि पत्र्याला पोचा आला. आज्याला इतकं बडवलं की एक कान कायमचा गेला. लहानपणी मी त्याला विचारायचो, गोऱ्यानं मारलं का रे तुला? तर म्हणायचा, "गोऱ्याला माझं तोंडबी ठावं न्हवतं. मारलं त्ये आपल्याच गिरदावरानं. साहेब काय म्हनंल म्हनून." गिरदावर म्हणजे त्या वेळचा वसुलीवरचा सरकारी अंमलदार, आमच्याच मुलखातला, आमच्याच बोलीत शिव्या देणारा. दीक्षा घेतल्यावर आज्यानं वेठ सोडली, वडील मास्तर झाले, आणि मला नोकरी लागली तेव्हा आज्या त्या बहिऱ्या कानावर हात ठेवून रडला होता. गोरा गेला, निजाम गेला, आणि गिरदावराच्या जागेवर मी जाऊन बसलो. घ्या, झाली की प्रगती!

गुरुवारी साहेब आले. वय तिशीचं, बोलणं मऊ. सकाळी बायको-मुलांना चारठाण्याची जुनी देवळं दाखवून, ऊन लागून आलेले. विश्रामगृहाच्या मागे चुलीवर मटण रटरटत होतं, वास पार फाटकापर्यंत. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "अहो, आज माझा गुरुवार असतो. साबुदाण्याची खिचडी मिळेल का?"

अरे देवा! कुणाच्या डोक्यात वार आलाच नव्हता. शिपाई साबुदाण्याला पळाला. साहेबांनी दोन घास खिचडी खाल्ली, मुलगा रडायला लागला म्हणून लगेच निघाले. गाडीत बसता बसता म्हणाले, "दाखल्यांचं काही असेल तर सोमवारी पाठवा. उद्यापरवा मी बैठकीत आहे."

बाबा फाटकाबाहेर लिंबाखाली उकिडवा बसला होता. मला तो दिसत होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं: साहेब, एका पोरीची शनिवारची मुदत आहे. माणूस वाईट नव्हता, त्यांनी गाडीत बसूनही लॅपटॉपवर सही केली असती. पण मी पुढे हात बांधून, मान खाली घालून उभा होतो आणि तोंडातून निघालं, "जी साहेब." मुदत जवळ आलेली फाईल मी अजून पाठवलीच नाही, हे कुणी सांगायचं? गाडी गेली.

मग आम्ही जेवलो. मटण झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू? मी दोनदा वाढून घेतलं. बाबाला निरोप दिला, साहेबांनी सोमवारी करतो म्हणून सांगितलंय. तो हात जोडून गेला.

सोमवारी बटण दाबलं, संध्याकाळी दाखला झाला. मंगळवारी बाबा पोरीला घेऊन आला. तिची जागा शनिवारीच दुसरीला गेली होती. मला वाटलं, आता हा मला शिव्या देईल, निदान रडेल तरी. त्यानं दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

पोरगी सडपातळ, सावळी, नजर सरळ. ती मला म्हणाली, "आता काय करायचा ह्यो?"

"गप," बाप तिच्यावर वसकला. "सायबाम्होरं बोलू न्हाई."

ती गप झाली, पण माझ्यावरची नजर तिनं काढली नाही. बाबानं दाखल्याची घडी करून बंडीच्या खिशात घातली. जायला वळला, थांबला, परत टेबलाशी आला. चेहऱ्यावर काही तरी मागायला आल्यासारखं ओशाळं हसू.

"सायेब, येक इचारू का? मोठ्या सायबाला मटन गोड लागलं न्हवं?"

पोरगी बघत होती.

"लागलं," मी म्हणालो. "लय गोड लागलं."

"मंग बरं झालं," तो म्हणाला आणि त्याला खरंच बरं वाटलं. "पुढल्या साली हिचा फारम परत भरायचाय. तेवढी आमची वळख ठिवा म्हनावं त्येन्ला."