कोरा रकाना

“यंत्राचा सेल तू काढलास?” नवऱ्याने बायकोला विचारलं.

“काढला. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर तुमचं यंत्र आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन बसतोय. आधी जेवा.”

“अगं, सोमवारी त्या बाईची नोकरी जाईल.”

ती बाई घरोघरी पाण्याचे मीटर वाचायची. हातातल्या यंत्रात आकडा भरायचा, तारीख यंत्र आपोआप घालणार. तिच्या आठवडाभराच्या नोंदींवर एकच तारीख आली होती, सोमवारची. पाणीखात्याचे साहेब म्हणाले, एका जागी बसून मनाचे आकडे ठोकलेत. यंत्रातला जावा भाषेतला प्रोग्रॅम त्याच खात्यातल्या नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला. घरी तपासायला आणलेल्या तशाच यंत्रात मात्र तारीख रोज बरोबर येत होती.

नवरा देवमाणूस, पण कोरा रकाना दिसला की त्याचा हात शिवशिवायचा. एकदा बायकोच्या अर्जात ‘आवड’ या रकान्यात परस्पर ‘बागकाम’ लिहून आला होता. घरात एक कुंडी नव्हती.

त्याने सेल परत बसवला आणि जेवता जेवता डाव्या हाताने एक आकडा भरला. लेक डोकावली.

“बाबा, आज शुक्रवार. हे गुरुवार दाखवतंय.”

त्याचा घास हातातच राहिला. मग उठून त्याने त्या बाईला फोन लावला.

“मधे कधी सेल काढता का?”

“जेवायला बसले की काढते, साहेब. तेवढीच त्यालाही विश्रांती.”

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. “सेल निघाला की या जुन्या यंत्राचं घड्याळ थेट १९७० सालात जाऊन बसतं. तसली तारीख आली, तर आधीच्या नोंदीची घालायची, असं मीच लिहिलंय. मग पुढची प्रत्येक नोंद तीच तारीख घेते.”

“चूक दाखवायची ना सरळ,” लेक म्हणाली.

“माणसं उन्हातान्हात फिरतात. वर यंत्रानेही त्यांच्यावर कशाला खेकसायचं?”

बायकोला हसू आलं. पण त्याच्या नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज याच साहेबांच्या टेबलावर पडून होता. “गुपचूप दुरुस्त करून टाका की,” ती हळूच म्हणाली.

“आणि तिच्यावरचा ठपका?”

त्याच्या ताटात तिने गरम भात वाढला. त्याने तो निवांत संपवला, हात धुतले, पुसले.

“सोमवारी साहेबांना लेखी देणार आहे, चूक माझी आहे म्हणून. मुदतवाढ मिळणार नाही. एक तारखेपासून मी घरी असेन.”