लेक पोचली, तरी घर झाडलं नाही

मंडळी, आज लेकीला नांदेडच्या विमानतळावर सोडून आले. तिथून कोल्हापूर हवेतून सव्वाचारशे किलोमीटर, विमानाला जेमतेम तास. दोन्ही विमानतळं छोटीशीच, आपल्या एस.टी. स्टँडसारखी.

माझी परतीची एस.टी. हिंगोलीलाही आली नव्हती, तेवढ्यात तिचा फोन. "आई, पोचली वो मी! तू अजून बसमंदीच?"

मी हसले, पण मन खट्टू झालं.

कारण आमच्याकडे माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. पूर्वी ती ट्रॅव्हल्सनं जायची, पोचायला दुसरा दिवस उजाडायचा. तोवर तिचा उष्टा कप, पलंगावरचा ओला टॉवेल, फरशीवरचे लांब केस, सगळं जिथल्या तिथं. तिचे बाबा गेल्यापासून मला त्या पसाऱ्याचीच सोबत वाटते. आणि या विमानानं तेवढीही ठेवली नाही!

जानेफळला उतरले तेव्हा अजून ऊन होतं. शेजारच्या कांताबाईनं दारातूनच विचारलं, "पोरगी पोचली नं? मंग घे झाडून आता."

"हाव, घेते," म्हटलं आणि चहा ठेवला. तो संपल्यावर उगाच दुसरा ठेवला. कप हातात धरून दिवेलागणीपर्यंत बसून राहिले.

दिवे लागल्यावर तर आमच्याकडे झाडू हातात घेतच नाहीत.

म्हणजे सकाळपर्यंत तरी ती घरात आहे.

तुमची लेकरं इतक्या लवकर पोचतात, तेव्हा तुम्ही काय करता हो?