रफिकमियाँ आणि हिऱ्याचं चाक

चाक गार ठेवायला त्यावर कूलंटचं पाणी सोडतात; त्या कूलंटच्या टाकीत गाळ साठतो तसे वर्कशॉपात किस्से साठतात. कितीही उपसा, तळाशी राहतातच. आमच्या चितेगावच्या वर्कशॉपातले बहुतेक किस्से रफिकमियाँचे. कार्बाईडचे कटर घासायच्या दोन मशीन. एकीवर ते, शेजारी मी. आता ते सिल्लोडला लेकीकडं राहतात. त्यांच्या मशीनवर नवा माणूस आहे. काम बरं करतो. बोलत नाही.

*

आमची चाकं हिऱ्याच्या भुकटीची. त्यावर फक्त कार्बाईड घासायचं. साधं लोखंड लावलं की चाक बाद. हे घरी कोण सांगणार? बायकोनं विळी हातात दिली. "हिऱ्यावर धार लावून आणा."

वर्कशॉपात रफिकमियाँनी विळी हातातून काढून घेतली. "भाऊ, ह्याला लोखंड नक्को."

"मग घरी काय सांगू?"

"हिऱ्यावर लावली म्हणून सांगा. भाभीच्या इज्जतीचा सवाल हाय."

धार त्यांनी साध्या दगडावर लावून दिली. बायको अजून गल्लीत सांगते, आमची विळी हिऱ्यावरची!

*

खंडेनवमीला मशीनची पूजा होते. कुंकू कव्हरला लावायचं, चाकाला नाही, हा रफिकमियाँचा नियम. एका वर्षी मालकांनी भक्तीच्या भरात ओलं कुंकू चाकालाच फासलं. सुट्टीनंतर मियाँनी कूलंट सोडून बटण दाबलं. पांढरी दाढी लाल.

मालक घाबरले. "मियाँ, माफ करा."

"माफी कशाची? मशीनची पूजा झाली, मिस्त्रीची राहिली होती."

*

निरोपाच्या दिवशी मालकांनी शाल दिली, दोन शब्द बोला म्हणाले. मियाँ उठले.

"भाऊंच्या कूलंटवर लक्ष ठेवा. चालू करायला विसरतात."

आणि बसले. सगळे हसले. मी आयुष्यात कधी विसरलो नाही. हे तिथंच सुनावायला हवं होतं. पण मी त्यांची शाल सारखी करत राहिलो.

*

गेल्या महिन्यात मी त्यांना फोन केला. नुसती आठवण आली म्हणून फोन करणं मला जमत नाही. म्हणून म्हणालो, "मियाँ, तुमचं चाक डुलतंय. इथं कुणाला नीट बसवता येईना. एकदा येऊन जा."

"चालू हाय का? फोन चाकाजवळ धरा."

धरला. चाक सरळच फिरत होतं. डुललं असतं तर बरं झालं असतं.

जरा वेळानं फोन कानाला लावला.

"चाक तर चांगलं हाय, भाऊ."

मी बटणाकडं हात नेला.

"बंद करू नका. परत तिथंच धरा जरा."