रविवारी न वाजणारा ढोल

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका नियमाला धरून गोंगाट करणारा माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा झाला नसेल. मूळचे घानाचे, न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात उभी हयात घालवलेले आणि निवृत्तीनंतर ताईकडे राहणारे. सोबत कमरेएवढा लाकडी ढोल. त्यांच्या गावी म्हणे ढोल बोलतो. प्रत्येकाच्या नावाचा ठेका वेगळा, आणि आपला वाजला की असाल तिथून उत्तर द्यायचं. नाव ठरतं जन्मवारावरून, म्हणून भेटेल त्याला ते वार विचारत. पुण्याहून आलेल्या आईला विचारल्यावर तिने हरखून माझी पत्रिकाच पुढे केली. माझं लग्न जुळेपर्यंत ती तिच्या पर्समध्येच असे. मी मंगळवारचा निघालो आणि कायमचा ‘क्वाबेना’ झालो. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आई काहीही बोलली तरी ते मान डोलावून "गेनाऊ!" म्हणत. आपलं सगळं बरोबरच आहे म्हणणारा व्याही तिला प्रथमच भेटत होता.

जिन्यात लावलेली हाऊसऑर्डनुंग, म्हणजे बिल्डिंगची नियमावली, त्यांना तोंडपाठ होती. दुपारी एक ते तीन आणि रविवारी आवाज बंद. एकचा ठोका पडला की ठेका अर्ध्यावर थांबे आणि तीनला तिथूनच पुढे सुरू होई. मधल्या वेळात ते उशी बडवत. वर्ल्ड कपच्या उन्हाळ्यात सगळं गाव भोंगे फुंकत होतं, तरी आमचा रविवार तो रविवारच. रोज संध्याकाळी ते माझ्या आठ वर्षांच्या भाचीच्या, आमाच्या, नावाचा ठेका वाजवत. ती कानांवर हात ठेवून ओरडे, "ओपा, पाइनलिश! लाज वाटते! शाळेतली मुलं हसतात मला!" ते हसत आणि ढोल झाकून ठेवत. एकदा मला हळूच म्हणाले, "क्वाबेना, बोटं आखडत चालली रे. एकदा तिनं उत्तर दिलं की मी सुटलो."

त्याच उन्हाळ्यात भाचा झाला. बारसं बाराव्या दिवशी, असं आई म्हणे. नाव आठव्याच दिवशी, असं ते म्हणत. शेवटी जर्मनीतला एकमेव मुहूर्त निघाला, सुट्टीचा रविवार! म्हणजे ढोल बंद. घानाच्या पाहुण्यांनी कपाळाला हात लावला. आई म्हणाली, "अहो व्याही, बाळासाठी थोडं वाजवा की!" ते "गेनाऊ!" म्हणाले आणि उशी घेऊन बसले. बाळाच्या कानात नाव सांगून झाल्यावर त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी घरातल्या एकेकाला उशीवरून हाक मारली. ऐकू कुणालाच येईना. सगळे घुगऱ्यांकडे वळले. शेवटची हाक आमाची होती. पाळण्याची दोरी धरून उभी असलेल्या आमाने आजोबांचे हात पाहिले आणि मान खाली घालूनच पाळण्याच्या लाकडावर दोन बोटांनी उत्तर दिलं, अगदी बिनचूक. कानांवर हात ठेवून पोरीने सगळं ऐकलं होतं तर!

म्हातारा उठला, ढोल ओढला आणि भर रविवारी असा काही कडाडला की बाळासकट बिल्डिंग जागी झाली. खालच्या बाई तणतणत वर आल्या, "आज रविवार आहे!" आई म्हणाली, "गेनाऊ!" आणि त्यांच्या तोंडात पेढा घातला.

आता ते नाहीत. त्यांची मला फार आठवण येते. आमा कार्ल्सरूहेला शिकते. घरी आली की जेवायच्या टेबलावर बोटांनी आजोबांच्या नावाचा ठेका वाजवते आणि जरा थांबते. मी मध्येच काही बोलायला गेलो, तर ओठांवर बोट ठेवून मला गप्प करते.