न चढलेल्या गाडीची तिकिटं

बायनाबाईच्या पायाला भिंगरीच होती. पॅसेंजरची वेळ झाली की तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती कवठमाळ स्टेशनाकडं निघायची. गाडीत मात्र कधी चढायची नाही.

त्यामागं गावाचा शहाणपणा होता. बहात्तरच्या दुष्काळात दिवाळी होताच अर्धं गाव कोयते घेऊन सहकारी कारखान्यांच्या उसावर गेलं आणि स्टेशन ओस पडलं. तिकिटं खपली नाहीत तर गाडी थांबणार नाही, असं रेल्वेनं कळवलं. तेव्हा तिकीट विकणाऱ्या राधाकिशननं पारावर तोड काढली. मागं राहिलेल्यांनी पाळीपाळीनं पुढच्या स्टेशनाचं, घाटनांदूरचं, तिकीट काढायचं.

"जायाचं कावून? तिकीट खपलं म्हंजी झालं," तो म्हणाला.

लोक पाळ्या चुकवायला लागले, तशा बायनाबाईनं त्यांच्याही घेतल्या. तिची लेक सुंदर उसाच्या फडात पोटुशी होती. पहिल्या बाळंतपणाला ती याच गाडीनं माहेरी येणार होती. बायनाबाई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिकीट काढायची आणि कमरेच्या चंचीत ठेवायची.

एकदा गाडीतून रेल्वेचा साहेब उतरला. तिकिटं खपलेली, फलाटावर बायनाबाईशिवाय चिटपाखरू नाही.

"बसणारी माणसं कुठं आहेत?"

"मी हाय की," बायनाबाई म्हणाली.

"मग बसा."

"आज न्हाई. भाकरी तव्यावर हाय."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्या आठवड्यातच गाडी थांबायची बंद झाली. बायनाबाईनं कारखान्याच्या ट्रकवाल्याकडून सुंदरला निरोप धाडला, पण तो पोचला की नाही कोण सांगणार? आपण त्या दिवशी मुकाट्यानं बसलो का नाही, या विचारानं तिला अन्न गोड लागेना. रोज ती बंद फलाटावर येरझाऱ्या घालायची.

आणि एका दुपारी गाडी शिट्टी देत, वेग न सोडता आली. दारात सुंदर उभी होती. डोक्यावर बोचकं, एक पाय खालच्या पायरीवर. बायनाबाई दोन्ही हात हलवत गाडीच्या कडेनं धावली.

"उडी टाकू नगंस, सुंदर! मी येते."

सुंदरनं पाय आत घेतला. गाडी वळणाआड गेली.

राधाकिशन मागून धापा टाकत आला. "मामी, घाटनांदूर लई लांब हाय."

बायनाबाईनं चंची चाचपली. "तिकिटं हायत की माझ्याकडं," ती म्हणाली आणि रुळाच्या कडेनं चालायला लागली.