घाटावरून परतताना
टपरीवरच्या उकळत्या चहात कुणी आलं ठेचून टाकलं, की मला काकू आठवते. काका आखातात नोकरीला होता, तिथल्या दवाखान्यातल्या या फिलिपिनो नर्सशी लग्न करून तो तिला धरमपेठेत घेऊन आला, आणि दोन-तीन वर्षांत ती आमच्याहून ठसक्यात वऱ्हाडी बोलायला लागली. माहेरची एक रीत मात्र तिनं सोडली नाही. मयतीहून सरळ घरी यायचं नाही, वाटेत कुठंतरी थांबायचं, नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग घरात येतं. म्हणून नात्यात कुणीही गेलं, तरी परतताना आमची गाडी घाटाजवळच्या टपरीशी थांबायचीच. "आधी आंघोळ, मग चहा," असं बाबा पुटपुटायचे आणि कप हातात घ्यायचे. मग काका गेला. बायका घाटावर जात नाहीत असं सगळे सांगत असताना ती गाडीत येऊन बसली. परतताना ऊन रणरणत होतं, कपड्यांना धुराचा वास होता, आणि टपरी दिसताच मी सवयीनं गाडी हळू केली. मागून तिचा हात माझ्या खांद्यावर आला. "आज नको थांबू गा," ती म्हणाली, "सीधा घरी चाल. येऊ दे त्याईले." बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. घरी पोचल्यावर आम्ही सगळे आत गेलो, तरी ती बराच वेळ दार धरून उभी होती, कुणाचं तरी चपला काढून आत यायचं राहिलं असावं तशी. या उन्हाळ्यात काकूलाही पोचवून आलो. टपरीवर चहा उकळत होता, आल्याचा वास गाडीत शिरला. मी गाडी हळूसुद्धा केली नाही.